बाजार हलवला, तेव्हा नेमके काय हलले? (खान्देशातील आठवडे बाजारांविषयी)

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावचा आठवडे बाजार गेल्या वर्षी जुन्या पेठेतून काढून वळणरस्त्यालगतच्या नव्या जागेत नेण्यात आला. कागदावर पाहिले तर तक्रारीला जागा नाही. सिमेंटचे ओटे आहेत, वर पत्र्याचे छत आहे, पाण्याचा नळ आहे आणि पावसाळ्यात चिखल होत नाही. जुन्या पेठेत यातले काहीच नव्हते. तिथे पालाची दोरी कुणाच्या तरी खिडकीच्या गजाला बांधावी लागे आणि एखादी बैलगाडी आली की दोन्ही बाजूंच्या पाट्या आत ओढून घ्याव्या लागत. तरीही वर्षभर नव्या जागेत जाऊन आल्यावर मला सारखे वाटते आहे की तिथे भाजी मिळते, पण बाजार भरत नाही. हे नीट शब्दांत सांगता येत नाही म्हणूनच हा धागा काढतो आहे.

एक उदाहरण देतो. जुन्या पेठेत बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर एक आजी वांगी आणि हिरव्या मिरच्या घेऊन बसत. ती पायरी त्यांना कुणी लिहून दिलेली नव्हती, पण वीस वर्षे ती त्यांचीच होती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे त्या तीन बाजार आल्या नाहीत, तेव्हा शेजारच्या लसूणवाल्याने आपला रिकामा हारा, म्हणजे मोठी टोपली, त्या पायरीवर पालथा घालून ठेवला होता. कुणी विचारले तर 'इथे माणूस आहे' एवढेच तो सांगे. माझ्या आईची त्यांच्याकडे उधारी चाले आणि ती दोघींच्या डोक्यात सोडून कुठेही लिहिलेली नव्हती. नव्या जागेत ओट्यांना क्रमांक पडले, चिठ्ठ्या टाकून ते वाटले गेले, लसूणवाला एका टोकाला गेला, आजी दुसऱ्या टोकाला गेल्या आणि पाच-सहा बाजारांनंतर त्या दिसेनाशा झाल्या.

मी स्वतः शेतकरी आहे. चार एकरांत कपाशी असते आणि विहिरीलगतच्या दहा गुंठ्यांत भाजीपाला, त्यामुळे वर्षातून काही महिने मीही पाटी घेऊन बसतो. बाजारामुळे गाव एकत्र येते असे आपण सहज म्हणून जातो. ते खरोखर कशामुळे घडते आणि जागा बदलल्यावर ते मोडू नये म्हणून काय करता येते, याविषयी ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

जुना ग्रामसेवक

गिरणाकाठ, आपण लिहिलेला पालथा हारा वाचून मला माझीच एक चूक आठवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आठवडे बाजार कुणाच्या मालकीचा असतो हे बहुतेकांना ठाऊक नसते. गावात तो ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येतो आणि १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे पंचायतीला बाजार फी घेता येते. ही वसुली पंचायत सहसा स्वतः करत नाही; वर्षाच्या सुरुवातीला तिचा लिलाव होतो, जास्त बोली बोलणारा ठेका घेतो आणि त्याचा माणूस दर बाजारी पावतीपुस्तक घेऊन फिरतो. पंचायतीच्या दृष्टीने बाजार म्हणजे जमेच्या बाजूची एक ओळ असते. ती ओळ मोठी झाली की सभेत समाधान व्यक्त होते. त्या रकमेतून बाजारात नेमके काय झाले, हे विचारणारा सदस्य मला नोकरीच्या काळात क्वचितच भेटला.

आम्ही एका गावात बाजार हलवला तेव्हा माझ्याच हाताने नकाशा काढला होता. रांगा सरळ होत्या, मध्ये बारा फुटांचा रस्ता सोडला होता, धान्य वेगळे, भाजी वेगळी, मासळी एका कडेला. पहिल्या बाजारी लक्षात आले की एस.टी. थांब्यापासून ही जागा इतकी लांब पडते की डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या बाया वाटेतच, थांब्याजवळच्या निंबाखाली, बसू लागल्या. आम्ही त्यांना उठवले. पुढच्या बाजारी त्या पुन्हा तिथेच होत्या आणि गिऱ्हाईकही तिथेच थांबले होते. सहा महिने आम्ही त्यांना उठवत होतो, शेवटी जुन्या सरपंचांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "भाऊसाहेब, बाजार कुठे भरायचा ते बाया ठरवतात, आपण फक्त पावती फाडायची." त्यानंतर आम्ही थांबाच दीडशे पावले पुढे नेण्यासाठी आगाराकडे अर्ज केला. तो मंजूर व्हायला वर्ष लागले, पण बाजार त्यानंतरच नव्या जागेत स्थिरावला.

आपले गाव नगरपरिषदेचे असेल तर आणखी एक गोष्ट उपयोगी पडेल. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात 'नैसर्गिक बाजार' अशी संकल्पना आहे; जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आले आहेत, अशी जागा. पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेला असा बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असे त्या कायद्याच्या अनुसूचीत म्हटलेले आहे. शिवाय नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. चिठ्ठ्या टाकण्याआधी ही समिती बसली होती का, एवढा एकच प्रश्न लेखी विचारून पाहावा. हा कायदा शहरी भागापुरता आहे. ग्रामपंचायतीच्या बाजाराला त्याचा आधार नाही.

दादरची भाकर

मी विकणारी नव्हे, घेणारी आहे, त्यामुळे माझी बाजू वेगळी आहे. जळगावात भरिताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि आता ती वांगी मोठ्या दुकानांतही चकचकीत रचलेली दिसतात. परंतु भरिताचे वांगे बाजारात बसलेल्या बाईकडून घेणे आणि दुकानातून घेणे यांत जो फरक आहे, तो मला सासूबाईंनी पहिल्याच हिवाळ्यात दाखवला.

त्या बाईंनी आधी विचारले, "भरताले का भाजीले?" मग किती माणसे जेवायला आहेत ते विचारले. मग हिरवे, पांढरट रेघांचे एक मोठे वांगे तळहातावर तोलले, देठाकडून दाबून पाहिले आणि बाजूला ठेवले. ते आकाराच्या मानाने जड लागले, म्हणजे आत बिया धरलेल्या असणार. हलके, तजेलदार वांगे शोधून दिले आणि काड्यांवर भाजणार की गॅसवर, असेही विचारून घेतले. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजायचे असेल तर जाड सालीचे चालते, गॅसवर ते वरून करपते आणि आत कच्चे राहते, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या आठवड्यात सासूबाई एकट्या गेल्या, तर त्या बाईंनी पहिला प्रश्न केला तो सुनेला भरीत जमले का, हा. (जमले नव्हते. बडगीत ठेचण्याऐवजी मी ते मिक्सरमध्ये फिरवले होते, आणि ही गोष्ट आता निम्म्या बाजाराला माहीत आहे.)

आमच्या वसाहतीत रविवारी शेतकऱ्यांचा थेट विक्रीचा बाजारही भरतो. २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आणि त्याच सुमारास पणन मंडळाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान हाती घेतले, तेव्हापासून असे बाजार शहरांत दिसू लागले. माल चांगला असतो, तोल चोख असतो. परंतु आज एक गट येतो, महिन्याने दुसरा; विकणारा मुलगा बहुधा पगारी असतो आणि वांगे कोणत्या शेतातले आहे हे त्याला ठाऊक नसते. तिथे मी दोन वर्षे जाते आहे आणि मला एकाही विक्रेत्याचे गाव माहीत नाही. 'शेतकरी ते थेट ग्राहक' असा फलक लावल्याने ओळख होत नाही, त्याच माणसाने पुन्हा यावे लागते.

रोखठोक

सर्वांचे लेखन वाचले आणि मन भरून आले, परंतु मी बाजारात वाढलेला माणूस आहे, त्यामुळे थोडे विरजण घालतो.

माझे वडील आयुष्यभर बाजार करत. काटा मारणारे विक्रेते मी लहानपणापासून पाहिले आहेत. पारड्याखाली चिकटवलेला चिंचोका मी स्वतः काढला आहे. दुपारी चारनंतर मेथीच्या जुडीचा भाव काय होतो हे ज्याने पाहिले आहे, तो आठवडे बाजाराला शेतकऱ्याचे माहेर म्हणणार नाही. परतीच्या गाडीचे भाडे सुटावे म्हणून माणूस उरलेला माल वाट्याने लोटून देतो आणि शहाणे गिऱ्हाईक नेमके त्याच वेळी पिशवी घेऊन घराबाहेर पडते. जुन्या पेठेत कोण कुठे बसणार, हेही आपोआप ठरत नव्हते. मोक्याच्या जागा कुणाच्या होत्या, गटारालगत कोण बसे, चपला शिवणारे आणि दोरखंड-केरसुण्या विकणारे कोणत्या टोकाला असत, हे आठवून पाहा. चिठ्ठ्या टाकून ओटे वाटले गेले तेव्हा गटारालगत बसणाऱ्या कुणाला तरी आयुष्यात पहिल्यांदा दर्शनी जागा मिळाली असेल. त्यालाही या धाग्यावर विचारा.

गिरणाकाठ

रोखठोक, आपला मुद्दा मला लागला आणि तो खरा आहे. आमच्याकडे टोपल्या विणणारे एक कुटुंब पूर्वी शेवटच्या टोकाला, मुतारीच्या भिंतीलगत बसत असे; आता त्यांचा ओटा प्रवेशाजवळ आहे. त्यांचा धंदा वाढला का, ते मी पुढच्या बाजारी विचारून इथे लिहीन. चिंचोक्याच्या बाबतीत मात्र मीही गुन्हेगारांच्या बाजूने थोडे बोलू शकतो, पण तो विषय राहू द्या.

केळीची बाग

रावेर-यावलकडून एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते. आमचा सगळा भाग केळीचा, केळीलाही २०१६ मध्येच मानांकन मिळाले. पण आमचे मुख्य पीक आठवडे बाजारात कधी बसतच नाही. बागेची कापणी व्यापाऱ्याची टोळी येऊन करते, माल बांधावरूनच ट्रकमध्ये चढतो आणि उत्तरेकडे निघून जातो. भाव कुठला, तर बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे आणि रावेरच्या फलकाकडे डोळे लावून बसायचे. लाखो रुपयांचा हा व्यवहार फोनवर होतो आणि त्यात आम्ही शेजारी-शेजारीसुद्धा एकमेकांना भेटत नाही. उलट एकमेकांपासून भाव लपवतो.

त्यामुळे खान्देशात बाजार भरवतो तो मोठा बागाईतदार नव्हे. दोन पाट्या गवार, एक हारा वांगी, पाच-सहा किलो शेवग्याच्या शेंगा असा ज्याचा माल आहे, त्याच्या जोरावर बाजार भरतो. केळीवाला तिथे येतो तो पिशवी घेऊन. दहा एकरांच्या बागेचा मालक आणि त्याच्याच बागेत केळीची पिले (बुंध्याशी फुटणारे कोंब) कापायला येणारी बाई हे दोघे वर्षातल्या एका ठिकाणी समोरासमोर येतात, जिथे ती विकणारी असते आणि तो भाव कमी करा म्हणून विनवत असतो. आमच्या शेतावरच्या एक मावशी बाजारात मला पाच रुपयेही सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी शेतात त्यावरून हशा होतो.

मजुरीचा संबंधही लक्षात घ्यावा. आमच्याकडे आठवड्याचा चुकारा बाजाराच्या आदल्या संध्याकाळी किंवा बाजाराच्या सकाळी होतो आणि त्या दिवशी शेतातले काम बंद असते. पैसे मजुराच्या हातात पडतात आणि दुपारपर्यंत तेल, मीठ, बाजरी, पोरांसाठी चुरमुऱ्यांचा भत्ता आणि गोडीशेव यांत फिरून पुन्हा गावातच येतात. पुढच्या आठवड्याची टोळी कोण नेणार, कुणाची निंदणी आधी, सालदार आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) राहणार की सोडणार, हे सगळे बाजारातल्या चहाच्या टपरीवर ठरते. बाजार लांब गेला की हे बोलणे फोनवर जाते आणि फोनवर मजूर बाई बोलत नाही, तिचा मुकादम बोलतो. मला वाटते गिरणाकाठ यांना जे हरवल्यासारखे वाटते आहे, त्याचा मोठा भाग यात आहे.

सातपुडा पायथा

मी धडगावच्या बाजूला शिक्षक म्हणून काही वर्षे काढली. डोंगरात एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायला अर्धा दिवस लागतो, त्यामुळे बाजाराचा वार हा तिथे खऱ्या अर्थाने भेटीचा वार असतो. मैदानातला माणूस बाजाराला जाताना घड्याळ बघतो. तिथला माणूस पहाटे चालायला लागतो आणि संध्याकाळी नातेवाईकांच्या पाड्यावर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घरी परततो. बाजारात येणारा माल हंगामाप्रमाणे बदलतो: उन्हाळ्यात चारोळी आणि मोहाची फुले, त्यानंतर घराघरांत कैऱ्या चिरून वाळवलेली आमचूर. तो माल विकायचा आणि मीठ, तेल, कापड घेऊन चढ चढायचा.

पहिल्या वर्षी मी शाळेच्या पालकसभा शनिवारी ठेवत असे आणि दोन-तीन पालकांपलीकडे कुणी येत नसे. मुलेही बाजाराच्या दिवशी गैरहजर राहत आणि मी हजेरीपटावर लाल शाईने रागावत असे. पुढे एका पालकानेच सुचवले की सभा बाजाराच्या दिवशी, बाजारातच, आंब्याच्या झाडाखाली घ्या. तेव्हापासून चाळीस-पन्नास माणसे जमू लागली. जन्माचे दाखले, जातीच्या दाखल्यांचे अर्ज, वसतिगृहाचे प्रवेश हे सगळे मी त्या झाडाखाली केले. आरोग्य सेविकाही लसीकरणाची आठवण करून द्यायला तिथेच येऊन बसू लागल्या. कार्यालयाकडे माणूस येत नसेल तर कार्यालयाने बाजाराला जावे, इतकी ही साधी गोष्ट होती, पण ती मला सुचायला एक वर्ष गेले.

होळीच्या आधीच्या आठवड्यातील भोंगऱ्या बाजाराविषयी एक दुरुस्ती आवश्यक वाटते. सातपुड्यातील गावोगावी त्या आठवड्यात जे नेहमीचे बाजार भरतात, त्यांनाच भोंगऱ्या म्हणतात. पावरा, बारेला आणि भिल्ल समाजातील लोक होळीसाठी गूळ, डाळ्या, साखरेचे हार-कडी घ्यायला येतात, ढोल आणि बासऱ्या घेऊन गावेच्या गावे उतरतात. वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांवर दरवर्षी याचे वर्णन 'तरुण-तरुणींचा जोडीदार निवडण्याचा बाजार' असे केले जाते आणि दरवर्षी आदिवासी कार्यकर्ते त्याचा निषेध करतात. माझ्या वर्गातील मुली हे वाचून संतापत असत. तो होळीचा बाजार आहे. आपल्याकडे पोळ्याआधी गोंडे, घुंगरमाळा आणि झुलींचा जसा बाजार फुलतो, तसाच.

पाटीवालीची लेक

माझी आई तीस वर्षे भाजी विकते आहे. तिच्या बाजूने कुणी लिहिलेले नाही, म्हणून मी लिहिते.

बाजाराच्या दिवशी माझी आई सकाळी सहानंतर पाणी पीत नाही. कारण उघड आहे. नव्या जागेत ओटे बांधले, छत बांधले, ठेकेदाराच्या माणसासाठी खोली बांधली आणि शौचालय बांधले, पण त्याला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नाही. जुन्या पेठेत बायांसाठी शौचालय नव्हतेच. पण समोरच्या घरातील अक्का तिला मागच्या दाराने आत घेत असत आणि मोबदल्यात आई त्यांना कोथिंबिरीची एक जुडी देत असे. दहा-बारा बायांची अशी दहा-बारा घरे ठरलेली होती. वळणरस्त्याला घरे नाहीत. आपण ज्याला 'आपलेपणा' म्हणता आहात, तो आमच्यासाठी बऱ्याच वेळा मागचे दार होता.

बायांची भिशीही त्या रांगेत चालते. दर बाजारी प्रत्येकी शंभर रुपये, चिठ्ठी जिची निघेल तिला सगळे. यातून माझी अकरावीची फी भरली गेली आणि एका मावशींच्या नातवाचे दवाखान्याचे बिल भागले. भिशीला कागद नसतो. रोज नजरेसमोर बसणारी बाई बुडवत नाही, एवढाच तिचा पाया. ओटे विखुरल्यावर दोन भिशा बंद पडल्या.

चांगलेही सांगते. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून आई आठवड्यात एकाऐवजी दोन बाजार करते, कारण पूर्वी लांबच्या बाजाराचे भाडेच नफा खाऊन जात असे. आता तिच्या पाटीला मोबाईलने पैसे घेण्याचा कागदही चिकटवलेला आहे. तो माझ्या भावाच्या खात्याचा आहे. दिवसभराची कमाई संध्याकाळी त्याच्याकडून मागून घ्यावी लागते, म्हणून सुटे पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला आई एक मिरची जास्त टाकते.

कापडाची गाडी

मी शेतकरी नाही. आठवड्यात पाच गावांचे पाच बाजार करणारा कापड विक्रेता आहे आणि 'बाजार फक्त उत्पादकांचाच असावा' असे कुणी म्हणण्याआधी एक बाजू मांडतो. आजूबाजूच्या गावांचे वार वेगवेगळे असतात ते आमच्यासारख्या फिरत्या माणसांमुळेच निभते. एका गावातील निरोप दुसऱ्या गावी पोहोचवणे, मुलीच्या सासरची ख्यालीखुशाली तिच्या आईला सांगणे, म्हैस विकायची आहे हे चार गावांत पसरवणे, ही कामे आम्ही गाठोड्यासोबत फुकट करतो. मार्च २०२० मध्ये बाजार बंद झाले तेव्हा माझ्याकडे तीन गावांची उधारी अडकली होती. बाजार सुरू झाल्यावर त्यातील बहुतेक माणसे स्वतःहून आली. जी आली नाहीत, त्यांची नावे मला पाठ आहेत, पण ती मी इथे लिहिणार नाही.

गिरणाकाठ

उशीर झाल्याबद्दल क्षमस्व. कपाशीची वेचणी सुरू होती.

वर ठरल्याप्रमाणे टोपल्या विणणाऱ्या कुटुंबाला विचारले. त्यांचा धंदा वाढला आहे आणि जुन्या पेठेत परत जायला ते अजिबात तयार नाहीत. म्हणून 'बाजार परत न्या' हे माझे जे मनात ठरले होते ते मी सोडून दिले. त्याऐवजी पंधरा-वीस विक्रेत्यांच्या सह्यांनी नगरपरिषदेला अर्ज दिला आहे. त्यात चार गोष्टी मागितल्या आहेत: ज्यांची आपसांत संमती आहे त्यांना ओटे बदलून घेऊ द्यावेत, शौचालयाची किल्ली ठेकेदाराकडे न ठेवता तिथे बसणाऱ्या बायांकडे द्यावी, बाजाराच्या दिवशी एस.टी. वळणरस्त्यावर थांबावी यासाठी आगाराला पत्र द्यावे आणि चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी पथविक्रेता समितीची बैठक झाली होती का ते कळवावे. शेवटच्या प्रश्नावर लिपिकाने अर्ज दोनदा वाचला आणि मग शिक्का मारला. ओट्यांची अदलाबदल मात्र कुणाची वाट न पाहता सुरू झाली आहे. लसूणवाल्याने मागच्याच बाजारी आपला क्रमांक एका कांदेवाल्याशी बदलून घेतला.

आजींचाही शोध लागला. कापडाची गाडी यांच्या प्रतिसादावरून मला सुचले आणि मी आमच्या बाजारात येणाऱ्या एका बांगडीवाल्याला विचारले. त्याने क्षणभरही विचार न करता सांगितले की त्या आता नदीपलीकडच्या गावाचा गुरुवारचा बाजार करतात. मी गेलो. मारुतीच्या पाराला टेकून बसल्या होत्या, पुढ्यात वांगी आणि मिरच्या, तशाच. मला त्यांनी आधी ओळखले नाही. आईचे नाव सांगितल्यावर ओळखले आणि आई दीडशे रुपये देणे लागते हेही लगेच सांगितले. आईच्या मते ते एकशेवीस आहेत. मी दीडशे आणि वर किलोभर वांग्यांचे पैसे असे मिळून पाचशेची नोट पुढे केली, तर त्यांनी कनवटीचा बटवा उघडून पाहिला आणि मिटला.

"पाचशेनी मोड नही शे, जिभाऊ. लई जा वांगा. पैसा पुढला बजारले दी दिजो."

आता पुढच्या गुरुवारी जावे लागणार. आईही येते म्हणाली आहे, त्या तीस रुपयांचा हिशेब करायला.